उपाशी वाकळ

वाकळ शिवायला काय लागतं, असं विचारलं तर आमची मोठीमाय सांगते, सुई, दोरा आणि बूड टेकायला जागा. मी बी.एस्सी. झालेला असल्यामुळे माझं एवढ्यावर भागत नाही.

मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती, धुरपताबाई. थोरले बाबा गेल्यापासून ती पेडगावात आमच्यातच राहते. माझ्या बहिणीला, वैष्णवीला, मुलगा झाला आणि बाळंतविड्यात द्यायची वाकळ मोठीमायनं स्वतः शिवायची ठरवली. वर तिचं लुगडं, आत थोरल्या बाबांचं धोतर. आमच्याकडं लेकराच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत. घरच्या माणसांनी वापरून वापरून मऊ केलेलंच लावतात. थोरल्या बाबांनी ते धोतर इतकं मऊ केलं होतं की त्यातून पलीकडचं दिसायचं.

पण मोठीमायची नजर अधू झालीय आणि बोटांत जोर राहिला नाही. म्हणून मी पुढाकार घेतला. कॅरमची पावडर चहाच्या गाळणीतून फुटपट्टीच्या कडेनं चाळली, सरळ पांढऱ्या रेघा आल्या. पतंगाच्या चक्रीवर दोरा गुंडाळला. घड्या सरकू नयेत म्हणून वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे लावले. त्या दिवशी वडलांचा लेंगा वाऱ्यानं शेजारच्या दत्तरावांच्या गोठ्यात गेला, तो म्हशीनं नेसल्यासारखा दिसत होता. जाड थरात सुई अडकली की ओढायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तरी नाही निघाली तर पक्कड. मला जुने स्पीकर उघडायचा नाद आहे, त्यामुळे खाली पडलेल्या सुया गोळा करायला स्पीकरमधलं लोहचुंबक. दिसायला बिस्किटाएवढं, ताकद बैलाची.

"वाकळ शिवायलास का मोटारसायकल उघडायलास?" मोठीमाय म्हणाली. पण रेघेवरून टाके घालायला लागली आणि दोन दिवसांनी म्हणाली, "बरंय बाबा. तुझं डोकं चालतंय."

हे तिनं म्हणायला नको होतं. मी फार पटकन फुगतो.

शेवटची बाजू शिवायची राहिली. वाकळ मिटायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा असतो. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, अशी मोठीमायची पक्की समजूत. तिनं ताज्या भाकरीचा पापुद्र्यासकट तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी हात धुऊन येते, तेवढा आत सारून ठिव."

शेजारी ठेच्याची वाटी होती.

मी मुद्दाम काही केलं नाही. एका हातात भाकर आणि दुसऱ्या हाताशी ठेचा असला की माणसाचं शरीर आपलं आपण चालतं. मोठीमाय परत आली तेव्हा माझं तोंड बंद होतं आणि वाकळीचं उघडं. चुलीपाशी आई बसलेली, तिच्याकडून दुसरी भाकर मागायची तर पहिलीचा हिशेब द्यावा लागला असता. मी लोहचुंबक आत सारलं.

तिनं वरून चाचपलं. "भाकर लय कडक झाली की रं."

"गार झाली ना."

मग ती शेवटचे टाके घालायला लागली. सुई त्या जागेपाशी गेली की तिरकी व्हायची.

"हरिओम, सुई ओढायलीय का कोणी?"

"वय झालं मोठीमाय. हात कापायलाय तुझा."

ती हात पुढं धरून बघत बसली, खरंच कापतो का ते. भाकर खाल्ल्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. ह्या हाताचं मात्र वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

वैष्णवी बाळाला घेऊन सोनपेठला सासरी गेली. बाळाच्या उशाशी लोखंड ठेवायचं म्हणून मोठीमायनं थोरल्या बाबांचा अडकित्ता बरोबर दिला. थोरले बाबा आणि तो अडकित्ता असा जोडीचाच संसार होता, मोठीमाय तिसरी. झोपेतसुद्धा त्यांचा हात उशाखाली जाऊन अडकित्ता आहे का बघून यायचा.

चार-सहा दिवसांनी वैष्णवीच्या सासूचा, तानुबाईंचा, फोन आला. मी स्पीकर चालू करून मोठीमायपुढं धरला.

"विहीणबाई, तुमची वाकळ अडकित्ता सोडंना झालीय."

"म्हंजे?"

"म्हंजे काय, उशाशी ठिवलं की जाऊन चिकटतंय. वढून काढलं की पुन्हा जातंय. लेकराच्या आजोबांचं धोतर हाय ना त्यात? मला वाटतंय, तेच धरायलेत."

मोठीमायनं आधी डोक्यावरून पदर घेतला. फोनपुढं. मग हळू म्हणाली, "आले म्हणायचे."

मी घाईघाईनं फोन बंद केला.

"मोठीमाय, त्यात काहीतरी विज्ञान असंल," मी म्हणालो.

"त्यांला जित्तेपणी कधी कळलं न्हाई ते. आता कशाला असंल?"

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. थोरले बाबा गेल्यापासून ताटातली अर्धी भाकर ती कुत्र्याला टाकायची. आता कुत्रं दारात बसून माझ्याकडं बघायला लागलं, जसं काही त्याला सगळं माहीत होतं. आई म्हणाली, "बघ, माणूस कसं खुललंय." मी मान हलवली. एका लोहचुंबकावर एक बाई जेवायला लागली होती आणि ते काढून घेण्याची जबाबदारी माझ्याकडं होती. मी ती रोज उद्यावर ढकलत होतो.

मग वैष्णवीचा फोन आला. "दाद्या, आज वाकळीला सेफ्टी पिन लागली होती. उघडी. बाळाच्या गालापाशी."

"त्याला त्यावर निजवू नको!"

"मी तेच म्हणते. पण सासूबाई म्हणतात, आजोबा राखण करायलेत, काई व्हत न्हाई."

मी सोनपेठला निघालो. चपला घालेपर्यंत मोठीमाय पिशवी घेऊन दारात उभी. "मी बी येते. त्यांला भेटून येते."

एसटीत ती खिडकीशी बसली. पदराच्या गाठीत सुपारी बांधलेली. मधूनमधून गाठ चाचपायची. परभणी मागं पडल्यावर मी म्हणालो, "मोठीमाय, एक सांगायचंय."

"सांग की."

"तुला खिडकीचं वारं लागायलंय का? लावू का?"

"न्हाई लागत."

असं मी तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच खिडकी लावून घेतली, माझा जीव शांत व्हावा म्हणून.

सोनपेठला तानुबाईंनी शेजारच्या दोन बाया बोलावून ठेवल्या होत्या. वाकळ पाटावर घातलेली. बाळ वैष्णवीच्या मांडीवर, त्याला या कशात रस नव्हता. मोठीमाय पाटापुढं बसली, अडकित्ता जवळ नेला आणि तो टकदिशी चिकटला.

"बघा," तानुबाई म्हणाल्या.

मोठीमायनं पिशवीतून थोरल्या बाबांची चुन्याची पितळी डबी काढून जवळ नेली. डबी चिकटली नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला क्षणभर आशा वाटली.

"चुन्यानं त्यांचं तोंड यायचं," मोठीमाय म्हणाली. "शेवटी शेवटी सोडलाच व्हता."

"बघा, किती ध्यानात हाय त्यांच्या," एक शेजारीण म्हणाली आणि तिनं हात जोडले.

मोठीमायनं सुपारी काढली. अडकित्ता ओढून सोडवला, सुपारी कातरली, एक खांड वाकळीवर ठेवलं आणि खाली वाकून म्हणाली, "हातात जोर न्हाई राहिला माझ्या. वेडीवाकडी शिवली असंल. सांभाळून घ्या."

"मोठीमाय, भाकर मी खाल्ली," मी म्हणालो.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"कोणती भाकर?" तानुबाईंनी विचारलं. "आत्ता?"

मी जास्त काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर पुन्हा खिडकीवर गेलो असतो. खिशातल्या नेलकटरनं कडेचे टाके तोडले, बोट आत घातलं आणि लोहचुंबक काढून पाटावर ठेवलं. त्याला आतून एक सुई चिकटलेली होती. तिकडं पेडगावातच हरवलेली.

"ठेचा व्हता शेजारी," मी म्हणालो. "सुई हे ओढत व्हतं. तुझा हात कापत न्हवता."

वैष्णवीनं बाळ घट्ट धरलं आणि मला एक शिवी दिली, ती बाळापुढं द्यायची नव्हती. शेजारणी घरी काहीतरी उतू जात असल्याचं आठवून निघून गेल्या.

मोठीमायनं अडकित्ता उचलून वाकळीला लावला. तो पडला. तिनं पुन्हा लावला, थोडा धरून ठेवला, मग हळूच हात काढला. पडला.

"म्हंजे हे न्हवते," ती म्हणाली.

"न्हाई."

तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. मग तानुबाईंकडं वळली. "विहीणबाई, शिळी का असंना, भाकर असंल तर द्या जराशी. एवढं दूर आली, उपाशी." मला वाटलं, स्वतःबद्दल बोलते. ती वाकळीबद्दल बोलत होती. तिनं तुकडा स्वतः आत सारला, दोरा स्वतः ओवला आणि कड शिवून टाकली. हात कापत नव्हता. मी मुद्दाम बघितलं. सुपारीचं खांड मात्र पाटावर तसंच राहिलं. ते कोणी उचलायचं, हे कोणालाच कळेना.

परतीच्या एसटीत तिनं बसल्या बसल्याच खिडकी लावून घेतली. घरी आल्यावर अर्धी भाकर कुत्र्याला पडली. कुत्रं खूश होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

आठवड्यानं तिनं मला हाक मारली. पुढ्यात तिची स्वतःची उशी होती, एका बाजूनं उसवलेली. शेजारी अडकित्ता. तो वैष्णवीनं परत पाठवला होता, बाळाच्या उशाशी आता एक साधा विळा आहे.

"ते तुझं लोखंड आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना. लेकराला नको ते. मला काय, सुई टोचली तरी चालतीय."

मी आणलं. "पण मोठीमाय, तुला माहिताय ना आता, ते..."

"तुझ्यापेक्षा जास्त माहिताय. शिव."

मी शिवायला बसलो. ट्यूबचा तुकडा घेतला, पक्कड घेतली. सुई त्या जागेपाशी तिरकी व्हायला लागली, मला घाम फुटला. ती शांतपणे माझ्या हाताकडं बघत होती.

"वय झालं तुझं," ती म्हणाली.

शेवटचा टाका राहिला तेव्हा तिनं मला थांबवलं, आत गेली आणि ताजी भाकर घेऊन आली. वाफ निघत होती. तिनं तुकडा मोडून माझ्या हातात दिला, ठेच्याची वाटी उचलून आपल्या मांडीवर ठेवली आणि समोर बसली.

"हे बी घाल. त्यांला उपाशी कसं ठिवायचं?"

सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी तुकडा आत सारला, तिनं माझं तोंड उघडून बघितलं आणि मगच म्हणाली, "मार गाठ."