पद उचलायच्या आधीचा श्वास

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसाल तर माझा आवाज तिथवर पोचायचा नाही. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा छाती भरून श्वास घ्याल, एवढं वचन देतो.

आपले शरणबसप्पा अप्पा मुरुममध्ये शिवकीर्तन करतात, आणि माझे केस काळे होते तेव्हापासून मी त्यांच्यामागं झांज धरून उभा राहतो. अप्पांनी पद उचललं की मठामागची म्हैससुद्धा रवंथ थांबवते, असं गावात म्हणतात. मागच्या वर्षी मात्र तो आवाज मध्येच तुटायला लागला. कोरडा खोकला, मठाच्या पायऱ्या चढताना धाप. सोलापूरला छातीचा सीटी स्कॅन काढला, तर फुफ्फुसांच्या तळाशी, कडेकडेनं बारीक जाळी धरलेली.

तिथल्या डॉक्टर तबस्सुम म्हणजे आपल्या नळदुर्गची लेक. त्या म्हणाल्या, "अप्पा, हे व्रण आहेत. आलेली जाळी जात नाही, पण औषधानं तिची चाल मंद करता येते. वर्षानं पुन्हा बघू. जागेवर असली तर श्रावणात कीर्तन करा. पुढं सरकली असली तर मात्र उभं राहून गाणं विसरायचं."

वर्षभर अप्पांनी गोळ्या घेतल्या, धुपाच्या धुरापासून लांब बसले. यंदा पुन्हा स्कॅन काढला. डॉक्टरांकडं आत जायच्या आधीच रिपोर्ट हातात आला, आणि बाकावर बसून मीच तो वाचला. दोन्ही फुफ्फुसांत धूसरपणा, आधीपेक्षा पुष्कळ वाढ.

शेजारी नळदुर्गाकडचे बिराप्पा बसले होते. पायाशी ऑक्सिजनचं सिलिंडर, नाकात नळी, पिशवीत वर्षावर्षाच्या फिल्मा. दोन शब्द बोलले की थांबायचे.

"धूसर म्हंजी काचंवर धुकं बसल्यावानी," ते म्हणाले. "माझं पयलं तसंच व्हतं. मग जाळी आली. मग खालून वर पोळं चढत गेलं. मधाच्या पोळ्यावानी भोकं. मध तेवढा न्हाय."

अप्पा हसले, पण ओठांनीच. मग माझ्याकडं वळले. "श्रावणाला दुसरा बुवा बघा. झांज तुमचीच ऱ्हाऊ द्या."

"अजून डॉक्टरनं तोंड उघडलं न्हाय," त्यांच्या पत्नी इरम्मा म्हणाल्या, "आन् तुम्ही मंडप सोडाया लागलाव."

आत गेलो. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले आणि एकेक चित्र वरून खाली ताडून पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "फुंकायची चाचणी गेल्या वर्षीइतकीच. चालूनही ऑक्सिजन उतरला नाही. मग चित्रच एवढं का बिघडावं?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही श्वासनळी. भरल्या छातीत ती गोल दिसते. इथं मागून आत दबलीय, श्वास सोडताना दबते तशी. हवा गेलेलं फुफ्फुस असंच करडं, धुरकट दिसतं. अप्पा, मशिनीत श्वास धरला होता का?"

अप्पांनी मान खाली घातली. "घेतला व्हता. पण ते चाक घुमाया लागलं आन् तोंडून नावच निघालं. नमः शिवाय, नमः शिवाय. थांबंना बगा."

"घरी जपाला बसलं की डुलक्या," इरम्मा म्हणाल्या. "आन् गप ऱ्हावा म्हटलं तिथं जप."

डॉक्टरांना हसू आवरेना. "अप्पा, पद उचलायच्या आधी तुम्ही छाती भरून घेता आणि टाळकरी तुमच्या तोंडाकडं बघत थांबतात ना? तेवढंच करायचं. पद मात्र उचलायचं नाही."

"आन् नाव?"

"मनात घ्या."

"मनातलं पोचतं का?"

"माझ्या अब्बांचं पोचतं. तुमचं का नाही पोचणार?"

अप्पा पुन्हा मशिनीत गेले. मी बाहेर दाराशी उभा, आणि झांज हातात नसतानाही माझे तळवे एकमेकांसमोर थांबलेले. आतून आवाज आला नाही. एवढी गोड शांतता मी कीर्तनातसुद्धा ऐकली नव्हती.

नवं चित्र जुन्याशेजारी लागलं. धुकं नव्हतं. तळाशी जाळी होती, गेल्या वर्षी होती तिथंच, तेवढीच.

"गेली नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण हललीही नाही. श्रावणात उभे राहा. मधनंमधनं बसत जा, एवढंच."

इरम्मांनी पदर डोळ्यांना लावला. मग अप्पांना म्हणाल्या, "चला, आता तरी तोंड उघडा."

अप्पांनी ते बाहेर येऊन, बाकाशी, बिराप्पांपाशी उघडलं. निकाल ऐकून बिराप्पा म्हणाले, "ब्येस झालं. मग म्हना की एक, माझ्यासाठी." अप्पांनी हळू आवाजात पद धरलं. बिराप्पा सिलिंडरवर बोटानं ठेका देत राहिले. बिराप्पांना आत बोलावणं आलं, तेव्हा तिसरं कडवं राहिलं होतं.

तर मंडळी, आता अप्पा उभे राहतील. पद उचलायच्या आधी छाती भरून घेतील आणि आपण सगळे गप्प होऊ. बिराप्पा सिलिंडर घेऊन दवाखान्यापुरतेच घराबाहेर पडतात, त्यांना इथवर येता येत नाही. तेवढ्या एका श्वासात त्यांची आठवण ठेवा.