ड्यूअरांचं कूळ

मोरेश्वरनं पपईच्या बिया चमच्यानं खरवडून काढल्या, फोडी केल्या आणि बशी सासऱ्यांपुढे ठेवली. अप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते धाकट्या जावयाकडे पाहत होते.

“मिस्टर ड्यूअर, ती काठीची हकिकत पुन्हा एकदा सांगा ना,” ते आपल्या हेडमास्तरी इंग्रजीत म्हणाले.

पुन्हा एकदा! अप्पा कऱ्हाडहून आल्यापासून आखातातल्या बनेद अल-गारच्या या घरात दर शुक्रवारी जेवणं उरकली की ती काठी निघायचीच. कॅलम ड्यूअर हा मोरेश्वरची बायको उल्का हिच्या बहिणीचा, देवयानीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू. अहमदीला तेलाच्या कंपनीत इंजिनियर. गुडघे वळत नाहीत तरी सतरंजीवर मांडी घालून बसायचा हट्ट. त्यानं दाढी खाजवली आणि सुरुवात केली. स्कॉटलंडच्या डोंगरांत फिलन नावाचे एक संत होऊन गेले. त्यांच्या मागे त्यांच्या वस्तू काही घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. सांभाळणाऱ्याला ड्यूअर म्हणत. संतांच्या काठीची मूठ होती एका ड्यूअर घराण्याकडे.

“म्हणजे मानकरी!” अप्पांनी मांडीवर थाप मारली. “उल्के, ऐकलंस का? आपल्या देवस्थानांचे असतात ना, तसे. केवढं जुनं कूळ!”

मोरेश्वर जळत होता. अप्पांचा व्हिसा त्यानं काढला होता. हवल्लीच्या दंतवैद्याकडच्या फेऱ्या, जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून निवडून आणलेल्या पपया, संध्याकाळी समुद्रावर फिरवून आणणं, सगळं तोच करत होता. लग्न झाल्यावर वर्षभर तो जावईबापू होता, पुढे नुसता मोरेश्वर झाला आणि आता तर ‘अरे’वर आला होता. त्याच्या कुळाबद्दल अप्पांनी एकदाच विचारलं होतं, कुंभोजकर म्हणजे कुंभोजचे का? तो हो म्हणाला आणि कुंभोजकरांचा इतिहास तिथंच संपला. विचारणारे इतिहासाचे मास्तर, तरीही! पिकतं तिथं विकत नाही हेच खरं. आणि डोंगर स्कॉटलंडचे म्हटल्यावर ते दुरून साजरे दिसणारच.

पण आज तो तयारीनं बसला होता. आठवडाभर ऑफिसातले ताळेबंद बाजूला सारून त्यानं ड्यूअरांविषयी मिळेल ते वाचलं होतं, आणि त्याला हवं ते सापडलं होतं.

“अप्पा, मानकरी ते नंतर झाले,” तो सहज बोलल्यासारखं म्हणाला. बोलला मात्र इंग्रजीत, साडूलाही नीट कळावं म्हणून. “मूळ शब्दाचा अर्थ परका. भटका माणूस. आणि काम काय होतं माहितीये? कुणाची गुरं चोरीला गेली आणि चोरांमागे जायची त्याची छाती झाली नाही, की त्यानं या ड्यूअरला एक पायताणाचा जोड आणि पहिल्या रात्रीचं जेवण द्यायचं. मग हा निघाला दुसऱ्याची गुरं शोधत. जोड्यासाठी राबणारा गडी!”

“दाजी, काहीतरीच काय!” देवयानी म्हणाली.

कॅलम मात्र मान डोलावत होता. “अगदी बरोबर. हे सहसा कुणाला माहीत नसतं.”

अप्पा तर खुर्चीत पुढेच सरकले. “पण मग राज्यात कुठंही जायचा अधिकार असणार त्याला!”

“होता. राजानंही पुढे तसं लिहून दिलं.”

“वा! बघ मोरेश्वर, याला म्हणतात वतन!”

मोरेश्वरनं आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता. बशा उचलून तो स्वयंपाकघरात गेला.

“झालं समाधान?” उल्कानं विचारलं.

“कसलं समाधान?”

“जळल्याचा वास शेजारपाजारीसुद्धा गेला असेल.”

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. ऊन भाजून काढत होतं, पण आत बसून वतनाची वर्णनं ऐकण्यापेक्षा ते परवडलं. थोड्या वेळानं कॅलमही बाहेर आला.

“तू एवढं वाचलंस म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “माझे वडील ग्लासगोला नळ दुरुस्त करायचे. अप्पांनी त्यांच्याबद्दल कधीच विचारलं नाही. विचारतात ते त्या काठीचं.”

मोरेश्वरनं सरकून त्याला कठड्याशी जागा करून दिली.

“मागच्या आठवड्यात ते तुझ्यावर ओरडले. भाजीवरून. मला सगळं कळलं नाही, पण खूप वेळ ओरडत होते.”

“मेथीऐवजी जरजीरचा पाला आणला होता मी,” मोरेश्वर म्हणाला. “पानं बघितलीच नाहीत.”

“माझ्यावर ते एकदाही ओरडले नाहीत.” कॅलमनं कठड्यावर हात टेकला आणि चटका बसताच काढून घेतला. “परका, म्हणालास ना तू? ते मला कॅलम म्हणतच नाहीत. ड्यूअर म्हणतात. मला अर्थ ठाऊक आहे. दर वेळी ऐकू येतो.”

हा माणूस आपल्यावर जळतोय, हे मोरेश्वरच्या हळूहळू ध्यानात आलं. असं काही असू शकतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“मोरेश्वर!” आतून अप्पांची हाक आली. “अरे, कुठं कडमडलास? डोळ्यांत थेंब कोण घालणार माझ्या?”

मोरेश्वर वळला आणि थांबला.

“तू जा,” तो कॅलमला म्हणाला. “उशाशी निळ्या झाकणाची बाटली आहे. आधी हात धू. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब.”

कॅलम जवळजवळ पळतच गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. मग अप्पांचा आवाज, इंग्रजीत आणि अतिशय अदबीचा.

“छे छे, मिस्टर ड्यूअर! तुम्ही कशाला तसदी घेता? बसा, बसा तुम्ही. मोरेश्वर येईल.”

कॅलम परत आला तेव्हा त्याचे हात अजून ओले होते. बाटली त्यानं मोरेश्वरच्या तळहातावर ठेवली.

“सॉरी,” मोरेश्वर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण ओठांवर हसू फुटू पाहत होतं, ते काही केल्या आवरेना. साडूला दिसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून त्याच्या बाजूनं आत गेला.