चारशे बाराव्या पानावरचं क्रियापद

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. जे मला कधी हात लावत नाहीत, त्यांच्यावर माझा राग नाही. तिटकारा येतो तो मला उघडून वाचणाऱ्यांचा.

तो रविवार नेहमीसारखाच होता. मनोरला सासर असलेली प्रतीक्षा कुंभवलीला माहेरी आली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्या दहावीच्या वर्षी अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला पालघरहून आणलं, खाकी कव्हर घातलं. तिचं लग्न झालं आणि माझ्यावर लोणच्याची बरणी आली. मुखपृष्ठावरचं तेलाचं कडं हीच माझी शाबासकी.

त्या दिवशी तिने मला खाली काढलं. सोमवारी वर्गात ‘इंटरव्हीन’ शिकवायचं होतं. चारशे बाराव्या पानावर त्याचे अर्थ आहेत: मध्ये पडणे, हस्तक्षेप करणे, दोन घटनांमध्ये काळ जाणे. ते तिने वळणदार अक्षरात उतरवले. भांडणात पडायचं तर पुढे ‘इन’, दोघांच्या मध्ये पडायचं तर ‘बिटवीन’, हेही लिहिलं. उदाहरण मात्र क्रिकेटच्या पंचांचं दिलं. पंचांचं काय जातं?

तेवढ्यात गॅसवरचे सुके बोंबील करपले. अण्णा शेजारीच पेपर वाचत बसले होते.

“अण्णा, वास नाही आला?”

“आला गं. तू मास्तरीण शाळेत. हितं माजी परीक्षा नको घेऊ.”

वास आला नव्हता. करोनापासून येतच नव्हता. अण्णांनी ते लपवलं होतं. प्रतीक्षाला त्या क्षणी कळलं.

दुपारी तिचा भाऊ नीलेश आला. तो कारखान्यात ठेकेदाराचा सुपरवायझर.

“अण्णा, उद्या टाकी साफ करायची हाय. आतला विषारी गॅस तपासायचा मीटर बंद पडलाय. तुमी येऊन नाक लावा.”

अण्णांची नोकरीही त्याच कारखान्यात झालेली, आणि तिथे ही जुनी रीत. अण्णा टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेत, मग माणसं उतरत. निवृत्तीनंतरही त्यांच्या नाकाचा लौकिक टिकून होता.

“येतो की,” अण्णा खुलले.

प्रतीक्षाने तोंड उघडलं.

“ताई, तू पावनी. तू चा पी,” नीलेश हसला.

लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या कामात बोलू नये म्हणे. बाई चहा प्यायली. कप माझ्यावर ठेवला.

सोमवारी अण्णांनी वास घेतला, “साफ हाय” म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी स्वतः उतरले. ते वर आले नाहीत. त्या वेळी प्रतीक्षाचा तास छान रंगला होता. मुलांना तिन्ही अर्थ पाठ झाले.

मित्रांनो, पुस्तकांवरची धूळ झटका, पानं दुमडू नका. पण अर्थ येतो म्हणून माझ्यापुढे मिरवू नका. ते पान छातीशी धरून मीही गप्पच होतो. मी कागद आहे, मला तोंड नाही. तुमचं काय?

तेराव्याला ओटीवर माणसं जमली होती. नीलेश पुन्हा पुन्हा सांगत होता, “अण्णांचं नाक कदी चुकलं नाय. नशीबच खोटं.” माना डोलत होत्या.

प्रतीक्षा आतून आली आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

“अण्णांना वास येत नव्हता, नीलेश. मला रविवारीच कळलं होतं. मी बोलले नाही.”