मागच्या चाकांच्या स्प्रिंग

मागच्या स्प्रिंगचं खोकं आलं तेव्हा नवरा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसला होता, गुडघ्यांवर चादर घेऊन. ऊन चांगलं होतं, तरी.

ही गाडी आम्ही सुट्या भागांत मागवली होती. सांगाडा, इंजिन, पत्रे, खोक्यांमागून खोकी. जोडायची आपणच. दोन सीटची, बुटकी, छप्पर नसलेली. धाकटे भावजी तिला 'दादाचं खेळणं' म्हणायचे आणि दर रविवारी न चुकता खेळायला यायचे. नवरा त्यांना 'हातोडी' म्हणे, कारण काहीही अडलं की त्यांचा हात आधी तिकडेच जायचा. सुरुवातीला नवरा गाडीखाली असायचा आणि आम्ही दोघं पाने पुढे करायचो. आजारपण आलं तसा तो खुर्चीत गेला आणि आम्ही खाली.

पुढच्या चाकांचे कॉइलओव्हर बसवून झाले होते. कॉइलओव्हर म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि त्याच्या अंगाभोवतीच स्प्रिंग. स्प्रिंगखाली आट्यांवर फिरणारी कडी असते, ती फिरवून गाडीची उंची बसवता येते. पण स्प्रिंग किती कडक हवी ते आधीच ठरवावं लागतं, आणि गाडी इतकी हलकी की बसणाऱ्यांचं वजनही त्यात धरावं लागतं. तो हिशेब मी केला होता. वजनं हे माझं कामच आहे. दुकानांतले, दवाखान्यांतले काटे मी तपासते. घरातला काटा मात्र मी कपाटावर मागे सरकवून ठेवला होता आणि कोणी तो मागितला नव्हता.

मी खोकं उघडलं, स्प्रिंगवरचा आकडा वाचला.

"चुकीच्या पाठवल्यात. मी सांगितल्या त्याहून मऊ आहेत."

"वहिनी, तो दुकानदार डोळे मिटून खोकी भरतो," भावजी म्हणाले. "लावा फोन, चांगला झाडा त्याला."

मी फोन हातात घेतला.

"अगं थांब," नवरा दारातून म्हणाला. "त्या बिचाऱ्याला नको झापूस. मीच बदलून मागवल्या."

"का? माझा हिशेब चुकला?"

"तुझा हिशेब चुकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल." तो हसला आणि हसण्यातून खोकला निघाला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं स्प्रिंगकडे बघत राहिलो. "तू दोघं धरलीस," तो म्हणाला.

"मग किती धरायची?"

तो चादरीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला. भावजींनी पाना फडक्याने पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

"परत पाठवते मी. बसवलेल्या नाहीत अजून, बदलून देतील."

"महिना लागतो यायला."

"लागू दे."

"लागू दे, म्हणे. आपल्याकडे काय महिने उतू चाललेत?"

"दादा!"

"तू गप रे हातोडी." मग माझ्याकडे वळून, सावकाश, मोटारीचं काही समजावताना बोलायचा तसा तो म्हणाला, "एकट्या माणसाखाली कडक स्प्रिंग दिली की मागचा भाग उड्या मारतो. दर खड्ड्याला तुझ्या पाठीत हादरा बसेल. तुझी पाठ आधीच कुरकुरते."

"मला नाही चालवायची एकटीने."

"आज नको चालवूस."

"मी पाणी आणतो," भावजी म्हणाले आणि भरलेली बाटली तिथेच ठेवून आत गेले.

स्प्रिंग मांडीवर घेऊन मी फरशीवर बसून राहिले. ती परत खोक्यात घालणं काही अवघड नव्हतं. त्याला मात्र गाडी चाकांवर उभी बघायची होती, आणि महिनाभर थांबले असते तर ते मी माझ्यासाठी थांबले असते.

"वरचा बोल्ट आधी की खालचा?" मी विचारलं.

"वरचा." तो खुर्चीत पुढे सरकला. "आणि हातानेच फिरव, कसू नकोस. गाडी चाकांवर उतरली, तिच्यावर नेहमीचं वजन आलं, की मगच कसायचं. नाहीतर बोल्टाभोवतीच्या बुशचं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं."

डावीकडचा कॉइलओव्हर सरळ बसला. उजवीकडे खालचं भोक जुळेना.

"हातोडी, हात मागे घे!"

"नुसता ठेवला होता, दादा."

मी जॅकने खालचा दांडा किंचित उचलला आणि बोल्ट अलगद आत गेला. नवऱ्याने खुर्चीच्या हातावर टाळी वाजवली.

गाडी खाली उतरवली. स्प्रिंग नीट बसाव्यात म्हणून भावजींनी ती पुढे-मागे ढकलली. मी चालकाच्या सीटवर बसले, त्यांनी मागे जमिनीपासून पट्टी लावून उंची मोजली. पुन्हा जॅक, कड्या थोड्या वर, पुन्हा खाली. दुसऱ्या खेपेला उंची बरोबर आली.

"आता मी," नवरा म्हणाला.

भावजींनी त्याला उचलून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

"अरे हळू, पोतं आहे का मी?"

"पोतं जड असतं, दादा," भावजी म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मी गाडी दबायची वाट पाहत होते. माझ्या हिशेबाने या स्प्रिंगवर दोघं बसल्यावर मागचा भाग चांगला बोटभर खाली यायला हवा होता. त्या हिशेबात मी त्याचं वजन गाडी मागवली तेव्हाचं धरलं होतं.

"किती आली, भावजी?"

ते पट्टी घेऊन मागे आडवे झाले होते. "फारशी नाही आली, वहिनी! मस्त पेललंय!" अगदी खुशीत म्हणाले. मग पट्टी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"बघ," नवरा म्हणाला. "मऊ म्हणत होतीस." तो काचेतून समोरच्या गल्लीकडे बघत होता. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर होता, त्यावर मी माझा ठेवला.

बऱ्याच वेळाने भावजींनी मागून घसा खाकरला. "बोल्ट कसू का आता?"

"आत्ता नको," नवरा म्हणाला. "मी उतरल्यावर."

"बस थोडा वेळ," मी म्हणाले. "बोल्टांना कसली घाई आहे?"