मूळ पट्टी

ग्लासाच्या तळाशी मिठाचे दोन-चार खडे विरघळायचे राहिले होते आणि तो ते बोटाने ढवळत बेसिनपाशी उभा होता — गुळण्या कधीच्या करून झाल्या होत्या, तरी ग्लास खाली ठेववत नव्हता, कारण ग्लास ठेवला की मग शर्ट, मग बूट, मग रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला तो स्टुडिओ. घसा स्वच्छ होता. डॉक्टरीणबाईंनी आत दिवा घालून पाहिलं होतं, छान आहे म्हणाल्या होत्या. मग ही भीती नेमकी कशाची?... त्याला माहीत होतं कशाची, पण ते नाव घेऊन म्हणायला तो तयार नव्हता.

"जमेल तेवढंच कर रे आज," बायको मागून म्हणाली. "उगीच ताणू नकोस."

"जमेल तेवढंच म्हणजे?"

"म्हणजे जमेल तेवढंच." ती टॉवेलची घडी घालत राहिली. हिच्या सख्ख्या भावाने आपल्या बँडमध्ये आयुष्य काढलं, बास गिटार वाजवून बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि हिला अजून कळत नाही की गाणाऱ्याला सकाळी असं बोलू नये. तो चिडला, आणि चिडल्यामुळे थोडा वेळ बरं वाटलं.

रस्त्याने जाताना त्याने ते गाणं मनातच म्हटलं, ओठ न हलवता. याच गाण्याने सगळं दिलं होतं. ड्रमवाल्या मुनीच्या वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये ते बसवलं तेव्हा ड्रमवर भुसा उडायचा आणि सगळे शिंकायचे. (मुनी हे नाव तेव्हाच पडलं — जगातला सगळ्यात जास्त गोंगाट करणारा माणूस, आणि तोंडातून दिवसाला एक शब्द.) मग रेकॉर्ड, मैदानं, भिंतीभिंतींवर चौघांचे चेहरे, मग भांडणं, एकमेकांची तोंडं न पाहणं, मग पुन्हा एकत्र येणं — आणि दर वेळी शेवटच्या कडव्यातली ती वरची जागा, जिथे आवाज एकदम चढतो आणि तिथेच धरून ठेवायचा असतो. ती जागा म्हणजेच तो. ती गेली तर उरतं काय? चांगले केस असलेला एक माणूस, आणि केसांचंही आता खरं नाही.

पण ती गेली नव्हती! उलट अलीकडे सोपी झाली होती. वयाबरोबर आवाज मुरतो, असं तो मुलाखतींत सांगायचा आणि समोरचे माना डोलवायचे. फक्त परवा... परवा टॅक्सीत रेडिओवर ती जुनी रेकॉर्ड लागली, तो सहज बरोबर गायला लागला, आणि त्या जागेवर गळ्यातून काहीतरी भलतंच निघालं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. पोट रिकामं होतं, दुसरं काही नाही. हे त्याने स्वतःला तेव्हापासून किती वेळा सांगितलं असेल.

आजचं काम रेकॉर्ड कंपनीच्या हौसेचं होतं. जुन्या टेपवरचा त्याचा तरुण आवाज पहिल्या कडव्यांना, आणि शेवटचं कडवं आजच्या त्याने गायचं. एकाच गाण्यात दोन्ही तुम्हीच, असं कंपनीतली मुलगी टाळी वाजवून म्हणाली होती.

स्टुडिओच्या पायरीवर लांब्या उभा होता. गिटारवाला लांब्या कधी कुणासाठी बाहेर उभा राहत नाही. "जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. "नंतर," म्हणत हा घाईघाईने आत शिरला, बोलणं ऐकलं तर पाय परत फिरतील अशा घाईने.

हेडफोन. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक, मेव्हणा, मुनी, आणि मागोमाग आत आलेला लांब्या. टेप सुरू झाली आणि कानात एक पोरगा गायला लागला — किती बेफिकीर, गधड्याला कशाची काळजीच नाही! त्याने सूर मिसळून पाहिला, अगदी हळू, सुरुवातीच्या सोप्या ओळीला. अंधारात जिन्याची पायरी अंदाजापेक्षा उंच निघावी तसं झालं. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

"टेप जोरात पळतेय," तो माइकमध्ये म्हणाला. "पट्टी चढलीये. बघा जरा."

ध्वनिमुद्रकाने लांब्याकडे पाहिलं. लांब्या दार उघडून आत आला, आणि एवढा उंच माणूस, पण कुठे उभं राहावं ते त्याला समजेना.

"टेप बरोबर आहे रे."

"मग?"

"आपण खाली आहोत." मग तो भराभर बोलला. "त्या दौऱ्यात तुझा घसा बसला होता, आठवतंय? तेव्हा एका कार्यक्रमापुरत्या गिटारच्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. तू इतका खूश होतास त्या दिवशी... मग वर चढवायला हात होईना. पुढे आणखी थोड्या उतरवल्या."

"बासपण?"

"बासपण."

"आणि मुनी?"

"ड्रमला कुठली पट्टी? पण माहीत होतं त्याला."

आवाज मुरतो, असं मी सांगत होतो तेव्हा हे तिघे माझ्याच शेजारी, त्याच सोफ्यावर बसले होते. मेव्हण्याला माहीत म्हणजे बायकोला माहीत. जमेल तेवढंच कर... म्हणजे घरातही मी उतरवलेल्या पट्टीतच राहत होतो, आणि मला वाटायचं की आपलं सगळं कसं छान चाललंय. त्याला संताप यायला हवा होता. आली ती भीतीच, आणखी थंड.

"टेपच खाली आणू ना," ध्वनिमुद्रक अलगद म्हणाला. "कुणाला पत्ता लागणार नाही." आणि त्याने तसं करून ऐकवलं. कानातला पोरगा जडावला, घोगरा झाला, खूप आजारातून उठल्यासारखा गायला लागला. माझ्यासाठी त्या पोराला म्हातारा करत होते.

"नको," तो म्हणाला. "होता तसाच लाव. मूळ पट्टीत."

"अरे, पण—" लांब्या म्हणाला.

"लाव म्हणतो ना."

लांब्या काचेपलीकडे गेला. टेप पुन्हा सुरू झाली. पहिलं कडवं, दुसरं... त्याने मान वर केली आणि काचेतून तिघे दिसले. गिटार जवळ नसतानाही लांब्याचा डावा हात हवेत तारा दाबत होता. मेव्हण्याने खाली पाहिलं होतं. मुनीचे ओठ हलत होते, एक शब्द बोलणारा मुनी, काय पुटपुटत होता कोण जाणे. तिघांचे चेहरे पांढरे पडले होते.

स्टेजवर तो नेहमी लोकांकडे तोंड करून गायचा, त्या जागेवर तर डोळे मिटून, मान मागे टाकून. म्हणजे इतकी वर्षं, दर कार्यक्रमात, त्याच्या पाठीमागे हे तिघे असेच उभे असणार, याच चेहऱ्यांनी. त्याने ते एकदाही पाहिले नव्हते. त्याची भीती हे लोक वाहत होते आणि तो माना डोलवणाऱ्यांसमोर ऐटीत बसत होता. आवाज येईल की फुटेल, काही सांगता येत नव्हतं, आणि छाती तशीच धडधडत होती; पण ती आता स्वतःसाठी की त्यांच्यासाठी, हे त्याला ओळखता येईना.

पोराने त्याचं कडवं संपवलं. आता माझी ओळ. त्याने श्वास भरला, आणि या खेपेस डोळे उघडेच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला.