सुंबुलची खाज

सप्टेंबरच्या सुरुवातीला शेडमधल्या पेटीत आईच्या सुंबुलचे, म्हणजे हायसिंथच्या फुलाचे, अकरा कंद होते. शुक्रवारी पेटी उघडली, तर नऊ.

पुन्हा मोजले. उंदराने नेले असते तर साली पडल्या असत्या, कुरतडलेलं काही दिसलं असतं. शेड स्वच्छ होती. म्हणजे उंदीर दोन पायांचा.

आईच्या अंगणातलं आता एवढंच उरलं आहे. तिचं घर रस्त्यात गेलं, अंजिराचं झाड गेलं. जांभळ्याहून गडद, काळ्याकडे झुकणारं हे फूल तेवढं मी एप्रनच्या खिशातून घेऊन आले. आमच्या काराबुरुनच्या बाजारात सुंबुलचे ढीग लागतात, पण ते फिके निळे नि गुलाबी. हा रंग तिथे मिळत नाही. शिवाय सुंबुलच्या कंदाला पिल्लं धरायला वर्षं लागतात. गेला तो गेला.

पहिला संशय आला शेजारच्या बेर्रिनबाईंचा. त्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर इझमीर शहरातून आल्या आणि शेजारचं घर घेतलं. बागेचं वेड भारी. ऑगस्टमध्येच त्या मला म्हणाल्या होत्या, "नाझिकेताई, त्यातले दोन मला विकत द्या ना."

"विकलेलं फूल मूळ धरत नाही, बाई. मागून नेलेलंही नाही. आमच्याकडे चोरलेलंच धरतं."

"मग चोरू का?"

"चोरा की!" म्हणून मी हसले होते.

बाईंना माझ्या पेटीची जागा चांगली ठाऊक होती. आम्ही दोघींनीच तर पेटीतले कंद मोजून वाफ्याचा आराखडा काढला होता. फाटकापासून पायरीपर्यंत त्यांनी टेप धरला आणि मी वहीत रेघा मारल्या. मी बासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले, त्यामुळे लिहायची संधी मी सोडत नाही. भिंतीच्या आडोशाला नर्गिस, ते डिसेंबरातच फुलायला लागतात. मधोमध आईचे सुंबुल, फेब्रुवारीचे. कडेला ट्युलिप, म्हणजे एप्रिलपर्यंत वाफा रिकामा दिसायला नको. बाईंना कमरेएवढे उंच ट्युलिप हवे होते.

"उत्तरेचा वारा सुटला की त्यांच्या माना मोडतील," मी म्हटलं.

"मग बुटके घ्या. तुमच्यासारखे. पडायचं नावच नको."

अशी गोड बोलणारी बाई. गोड बोलणारीच हात मारते, असं त्या शुक्रवारी मला वाटायला लागलं. त्यांनी कुंपणावरून हात केला, मी पाहिलंच नाही असं दाखवलं. त्यांनी मुरंबा पाठवला, मी बरणी न उघडता खिडकीत ठेवली.

मग मी सापळा लावला. आमच्या बोलीत फुलाच्या कंदाला नि भाजीच्या कांद्याला शब्द एकच. जांभळ्या सालीचा सुंबुल आणि लाल कांदा शेजारी ठेवले, तर शहरातल्या माणसाला दोन्ही सारखेच. मी पेटीत वरच्या थरात तीन लाल कांदे ठेवले, सुंबुल खाली. बाई कांदा नेतील, तबकात पाण्यावर ठेवतील, खिडकीत मिरवतील. मग मी जाऊन वास घेईन आणि म्हणेन, व्वा!

सोमवारी पाहिलं. तिन्ही कांदे जागच्या जागी. सुंबुल सात.

मी पेटीवरच बसले. अंधाऱ्या शेडमध्ये कांदे बाजूला सारून नेमके सुंबुलच उचलणारा हात बाईंचा नव्हता. तो गावातला होता. लहानपणापासून कंद काढणारा, पुरणारा.

रोज दुपारी चहाला साब्रिये येते. माझी धाकटी नणंद, वरच्या गल्लीत एकटी राहते, शेडच्या बाजूच्या फाटकाने येते. त्या दुपारी ती आली, बसली, पेला उचलला आणि बोटांच्या बेचक्यात खाजवायला लागली.

सुंबुलचा कंद उघड्या हाताने हाताळला की खाज सुटते. हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

"काय गं, काय झालं हाताला?"

"डास."

"हुशार डास आहेत. फक्त बेचक्यात चावतात."

तिने हात टेबलाखाली घेतला. मी मुद्दाम साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने दुसऱ्या हाताने साखर घेतली. तो हातही लाल.

"साब्रिये, माझ्या आईचे कंद होते ते."

"माहीत आहे. म्हणूनच." तिने पेला आपटला. "आधी तू सांग, वहिनी. घर कधी देतेस त्या बाईला?"

"कुठलं घर?"

"मला आंधळी समजतेस? फाटकापासून पायरीपर्यंत टेप लावला. कागदावर जमीन काढली. तू खाली नाव लिहिलंस, माझ्या डोळ्यांदेखत! तू जाशील लेकाकडे इझमीरला. माझ्या भावाचं घर जाईल, आणि हे फूल त्या बाईच्या खिडकीत. म्हटलं, घर नाही तर नाही, फूल तरी गावात राहू दे."

मी वही आणली. "हे नर्गिस. हे सुंबुल. हे ट्युलिप, बुटके. आणि खाली नाव लिहिलंय, कारण मला लिहिता येतं म्हणून."

साब्रियेला वाचता येत नाही. वर्गाला चल म्हटलं होतं, तर म्हणाली होती, या वयात मला कोण पत्र पाठवणार आहे. आता ती रेघांकडे बघत राहिली.

"तू वाचतेस तेच त्यात आहे कशावरून?"

चार दिवस मीही बेर्रिनबाईंबद्दल असंच काहीबाही वाचत होते.

"ऑक्टोबरात लावणी आहे," मी म्हटलं. "तू वही धर. प्रत्येक खूण बघ. ज्या चौकोनात नर्गिस म्हणेन तिथे नर्गिस गेला नाही, तर माझं नाव खोटं. घर विकणारी बाई चार महिन्यांनी फुलायचं कशाला पुरेल?"

लावणीच्या दिवशी ती वही घेऊन वाफ्याच्या कडेला उभी राहिली, एक बोट रेघेवर. बाई टेप धरून होत्या. साब्रियेने त्यांना दोनदा टेप सरळ करायला लावला. आदल्या दिवशी मी मुरंब्याची बरणी उघडली होती. बरा होता, थोडा गोड जास्त.

मधल्या ओळीत सात सुंबुल गेले आणि चार खड्डे रिकामे राहिले.

"आणून देते," साब्रिये खालच्या आवाजात म्हणाली.

"देऊ नकोस. दिलेला धरत नाही."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "उद्या दुपारी मला भेंडी निवडायची आहे. पाठ दाराकडे असते माझी. बहिरीही झाले आहे जरा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या ओसरीवर गेले. चीजच्या जुन्या डब्यांत चारही कंद माती घालून ठेवलेले. आत ती चुलीपाशी पातेली इतकी आपटत होती की कोंबड्या उडाल्या. मी दोन कंद उपटले, दोन तिथेच राहू दिले. फाटकाशी पोचले, तेव्हा आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि खाजवत घरी आले.