खिडक्या बंद करून

"काम काय करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तसे त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"छापखान्यात. मशीनवर. तीस वर्षं झाली."

शाईचे हात रोज थिनरने धुवायचे, तेही त्याने सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. रक्ताचा कॅन्सर आहे, हे त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

"काही छंद वगैरे?"

"जुनं फर्निचर पॉलिश करतो. सुट्टीच्या दिवशी."

"उघड्यावर?"

छापखान्यात त्याला चकचकराव म्हणत, ते काही उगाच नव्हे. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसलेला त्याला खपत नसे. काम सुरू झालं की खिडक्या बंद, पंखा बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं. डोकं जड व्हायचं, तेव्हा तो म्हणायचा, वय झालं आता.

"खोली बंद करून," तो म्हणाला. "त्यानेच झालं का?"

"तसं ठामपणे नाही सांगता येत. यातलं काहीच न केलेल्यांनाही होतो. पण काही थिनरमध्ये बेन्झीन असतं, त्याने धोका वाढतो. त्या खोलीत आणखी कोणी असायचं?"

"नाही," शेजारून बायको पटकन म्हणाली. "मला तो वास मुळीच सोसत नाही. मी आपली स्वयंपाकघरात."

ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

बावीस वर्षं दर सुट्टीला ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून थिनरच्या बोळ्याने जुनं पॉलिश काढत आली होती. ते काम तिचंच. तिच्या हाताला सफाई होती. त्यांच्या गप्पा व्हायच्या त्या तेवढ्याच वेळात. हल्ली जिना चढताना ती मध्येच दोनदा थांबते, हे त्याला आत्ता आठवलं. मघाशी स्वतःचा रिपोर्ट ऐकतानाही तो इतका घाबरला नव्हता.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला.

"अहो, आज तुमचं चाललंय ना?"

"डॉक्टर, हिचं रक्त तपासा. आजच."

बाईंनी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. बायकोने ती उचलली नाही.

"सुई टोचताना जवळ थांबाल ना?" तिने त्याला हळूच विचारलं.